पायलीवरची शीग

आगोट तोंडावर आली की आमच्या दिवेआगरात कुणी सावकाश चालत नाही. पावसात बोटी बंद, गाडीवाटा चिखलात, तेव्हा त्याआधी जे घरात येईल तेवढंच आपलं. त्यामुळे वैशाखात जो तो काहीतरी डोक्यावर घेऊन धावत असतो. कुणाच्या डोक्यावर शेणी, कुणाच्या लाकडं, कुणाच्या मिठाची गोणी. अंगणाअंगणात आमसुलं वाळत पडतात, त्यांच्या पाण्याने सारवणाला लाल डाग पडतात, आणि फणसपोळीचा गोड वास नाकात असा बसतो की जेवण नको वाटतं. वाड्यांतून नारळाचे झाप विणणाऱ्या बायकांच्या गप्पा ऐकू येतात. पूर्वी हे सगळं मला आवडायचं. आता नुसतं बघूनच दमायला होतं.

वय काही फार झालेलं नाही. पंचेचाळिशी म्हणजे म्हातारपण नव्हे. शाळेतही काही डोंगर उपसावे लागत नाहीत. पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घ्यायची, छडी टेबलावर आपटायची, घरी यायचं. हा थकवा या दिवसांचाच आहे. आगोट आली की सोळा वर्षांपूर्वीची ती आगोट मी पुन्हा मांडायला बसतो. शाळेतलं गणित दुसऱ्यांदा केलं की निदान चूक कुठे झाली ते कळतं. इथे चूक कुठे झाली ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे, तरी मी बसतोच.

मला हिशेबाचा माज होता. दुसरा बरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. सुताराने फळी दोन बोटं लांब कापली की मी त्याला मापं शिकवायला जायचो. शिंप्याने चिमुरड्या पोरीच्या परकरात चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं की मी म्हणायचो, कापड फुकट घालवतोस. भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करायची हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लोक त्या वेळेच्या घटकाभर आधी बंदरावर जाऊन बसायचे आणि मी नेमक्या वेळेला डुलत जायचो. ज्याला नीट मोजता येत नाही तो जास्तीचं ठेवतो, असं माझं मत होतं. ते मी चारचौघांत सांगायचो आणि लोक मास्तर म्हणून ऐकून घ्यायचे.

त्या वर्षी आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. यमुना, माझी बायको, एकोणीस-वीस वर्षांची. तिला माहेर असं उरलं नव्हतं. आईवडील दोघं गेलेले, भाऊ कुठे आफ्रिकेत. तिला चौथा महिना लागला होता आणि आगोट भरायची पहिलीच खरी पाळी होती, कारण त्याआधीची दोन्ही वर्षं आम्ही माझ्या काकांच्या घरात राहत होतो. आता वेगळी चूल, धान्याची वेगळी कणगी. मी कागद घेऊन बसलो. माणशी रोजचे तांदूळ किती, दिवस किती, माणसं दोन. वैशाखी पौर्णिमेपासून नारळी पौर्णिमेपर्यंत. त्यानंतर समुद्र खुला होतो, माल येतो. गुणाकार झाला, उत्तर आलं, मी खाली दोन रेघा ओढल्या.

तांदूळ आमच्याकडे धाकू आणायचा. बोर्ली पंचतनच्या आत डोंगराच्या कुशीत त्याचं गाव, घरची भातशेती. बैलगाडी अंगणात सोडून त्याने गोणी उलटी केली आणि पायली भरायला घेतली. मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. धाकूने "लाभ" म्हटलं आणि पायली अशी भरली की कडेच्या वर तांदळाचं देऊळ उभं राहिलं. त्याला शीग म्हणतात. घेणाऱ्याला ती मिळतेच, देणाऱ्याने ती द्यायचीच, त्याचा वेगळा हिशेब नसतो.

मी शाळेतला लाकडी रूळ आणला आणि पायलीच्या कडेवरून सपकन फिरवला. शीग खाली सांडली.

धाकू माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "मास्तर, आसं काय करताव? शीग र्‍हाऊ द्या की."

"अरे, पायली म्हणजे पायली. तुझ्या शिगेने माझा हिशेब बिघडतो."

"हिशोब काय बिघडायचा? पावसाळ्यात कोन येल, कोन र्‍हाईल, कुनाला ठावं हाय? शीग ही त्याचीच आस्ते."

"ज्याचं येणं ठरलं नाही त्याच्यासाठी तांदूळ कशाला भरायचे?"

तो हसला नाही. म्हणाला, "ठरवून येनाऱ्याला कोन शीग ठेवतंय व्हय?" आणि पुढच्या प्रत्येक पायलीला मी रूळ फिरवेपर्यंत थांबत गेला. यमुना दाराशी उभी होती. सांडलेले तांदूळ ती सुपात गोळा करत होती. ते सूपसुद्धा मी धाकूच्या गोणीत परत ओतायला लावलं.

मग मी कणगीच्या आतल्या सारवणावर चुन्याच्या सहा रेघा मारल्या. दर पंधरवड्याला एक. पौर्णिमेला तांदूळ या रेघेवर, अमावास्येला त्या. सगळ्यात खालच्या रेघेला नारळी पौर्णिमा, आणि तिच्याखाली फक्त बूड. शेजारचे दोघेतिघे येऊन बघून गेले. मास्तरांचं डोकं, म्हणाले. मला बरं वाटलं हे आज लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

ज्येष्ठ लागायच्या सुमारास माझी थोरली बहीण आली, अक्का. तिचे यजमान मुंबईला एका पेढीत कारकून, ते कामाने कराचीला गेले होते, म्हणून ती सहा वर्षांच्या चिमीला घेऊन आठ दिवस माहेरपणाला आली. आईवडिलांच्या मागे माझं घर तेच तिचं माहेर. चिमी भारी गोड पोरगी. मुंबईच्या खोलीतून सुटलेली, दिवसभर वाडीत हुंदडायची आणि जेवायला बसली की "मामी, आणखी भात," म्हणायची. पोफळीच्या पानाच्या बुडाशी असते त्या विरीचा द्रोण करून त्यातही भात मागून घ्यायची. आम्ही सगळे हसायचो.

आठ दिवस झाले तेव्हा यमुना मला म्हणाली, "वन्संना या बोटीने पाठवू या का?"

"ते का?"

"हवा बरी दिसत नाही. शेवटच्या बोटीवर ठेवायला नको वाटतं."

शेवटची आगबोट आणखी सहा दिवसांनी दिघीला लागायची होती. छापील कागदावर तसं होतं. मला वाटलं, हिला माझ्या बहिणीचं दोन दिवस राहणं जड झालं. तसं मी बोललोही. "दोन घास जातात म्हणून जीव वर-खाली होतोय का तुझा?" असं म्हणालो. पुढे कित्येक वेळा मी या वाक्यापाशी येऊन अडलो आहे.

शेवटच्या बोटीच्या दिवशी मी नेहमीसारखी भरतीची वेळ काढून, ना आधी ना नंतर, अक्काला आणि चिमीला घेऊन दिघीला पोचलो. खाडीचं पाणी काळवंडलं होतं आणि वारा उलट्या अंगाने वाहत होता. आगबोट आलीच नाही. समुद्र चार दिवस आधीच उठला होता, बोट वरच्या वरच परत फिरवली असं संध्याकाळी कळलं. लोक आपापली गाठोडी उचलून परत निघाले. धक्क्याला एक पडाववाला आपली होडी बांधत होता. त्याने दोर चांगला हात-दोन हात सैल सोडलेला. रिकामा वेळ आणि मास्तरकीची खोड, मी त्याला म्हटलं, दोर ताणून बांध की, होडी हलते आहे.

तो म्हणाला, "ताणून बांधला तं ओहोटीला होडी लटकंल, मास्तर. पानी काय एका जाग्यावर र्‍हातंय?"

मी ऐकलं आणि विसरलो. चिमी गाडीत झोपून गेली होती आणि अक्का म्हणत होती, "आता रे कसं?" मी म्हटलं, "कसं म्हणजे? राहायचं नारळी पौर्णिमेपर्यंत. आपलंच घर."

घरी आल्यावर मी पुन्हा कागद काढला. अक्काला चातुर्मासात एकभुक्त, शिवाय एकादशा आणि सोमवार. चिमीचं पोट ते केवढं. माझं रात्रीचं थोडं कमी करता येईल. हात जरा आखडून वाढलं तर बसतं. दोघांच्या तांदळात चौघं बसवली मी त्या कागदावर, आणि यमुनेला सांगितलं, "पुरेल."

ती म्हणाली, "बरं."

बोर्लीच्या बाजारात तांदूळ मिळत नव्हता असं नाही. चिखल तुडवत जावं लागलं असतं इतकंच. पण त्यासाठी माझा हिशेब चुकला आहे हे आधी कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि मी तो माणूस नव्हतो.

त्या पावसाळ्यातलं मला काय काय आठवतं. पागोळ्यांचा एकसारखा आवाज. ओल्या शेणींचा धूर, त्याने चुरचुरणारे डोळे. चिमीचं ओलं डोकं पुसणारी अक्का. माझी आणि अक्काची पानं शेजारी, चिमी मध्ये. अक्का माहेरवाशीण म्हणून माझ्याच पंगतीला. यमुना वाढायची आणि मागून एकटी जेवायची. तशी रीतच होती, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणून मी कधी बघितलं नाही. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं असायचं. एकदा मी पाणी प्यायला आत गेलो तर ती मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या उकडून, मीठ लावून खात होती. पुढ्यात वाडगाभर पेज.

"भात नाही घेतलास?"

"आठळ्या खाव्याशा वाटल्या."

दिवस गेलेल्या बाईला काहीही खावंसं वाटतं. मी बाहेर येऊन अक्काला म्हटलं, "लोकांच्या बायकांना आंब्याचे डोहाळे लागतात, आमच्याकडे आठळ्यांचे." अक्का पोट धरून हसली. मग तो आमचा रोजचा विनोदच झाला. आत भांड्यांचा आवाज यायचा आणि मी ओरडायचो, "डोहाळे पुरले का?" आतून "पुरले," असं उत्तर यायचं.

दर पौर्णिमेला आणि अमावास्येला मी कंदील घेऊन कणगीत वाकून बघायचो. तांदूळ बरोब्बर रेघेवर. चौघं जेवत होती आणि रेघ दोघांची होती, तरी बरोब्बर रेघेवर. वर्गातल्या एखाद्या पोराने असं उत्तर आणलं असतं तर मी त्याचा कान धरून विचारलं असतं, कुणाचं पाहून लिहिलंस? इथे मी फक्त खूष झालो. दोन खाणारी तोंडं वाढली आणि तांदूळ तेवढेच लागले, याचा अर्थ कुठलं तरी एक तोंड कमी झालं, एवढी साधी वजाबाकी मला आली नाही. मला ती येऊ द्यायची नव्हती, असंही असेल.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ गेले, आणि चार दिवसांनी मुंबईकडे जाणारा एक मचवा दिघीहून सुटणार होता. निघायच्या सकाळी मी अक्काला कणगीपाशी नेलं आणि शेवटची रेघ दाखवली. "बघ. हिशेब म्हणजे असा." अक्काने कौतुकाने मान डोलावली. यमुनेने तिची ओटी भरली. ओटीत मूठभरच तांदूळ होते.

दिघीला मचवा लागायला वेळ होता. अक्का सामानापाशी बसली होती आणि चिमी माझं बोट धरून पाण्यात खडे टाकत होती. टाकता टाकता म्हणाली, "मामा, मामीला भात आवडत नाही ना?"

"कोण म्हणालं?"

"मीच. ती कधीच जेवत नाही भात. पेज पिते. मी तिच्या मांडीवर बसायची ना, तेव्हा मला म्हणायची, तू खा, मला नाही आवडत."

मी तिला मचव्यात बसवलं, अक्काला नमस्कार केला, हात हलवला. ते सगळं मी केलं असणार. दिघीहून घरापर्यंतची वाट मी त्या दिवशी कशी चाललो ते आठवत नाही; मध्ये एक ओढा आहे, तो ओलांडल्याचं आठवत नाही.

यमुना ओटीवर बसून वाती वळत होती. तोपर्यंत मी तिच्याकडे रोज बघत होतो, त्या दिवशी पाहिलं. सातवा लागलेल्या बाईचे खांदे असे नसतात. बांगड्या कोपराकडे घसरत होत्या. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

तिने वात पुरी वळली. मग म्हणाली, "तुम्ही पुरेल म्हणाला होतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बोर्लीहून तांदूळ आणले, तूप आणलं, खारका आणल्या. समोर बसून तिला जेवायला लावलं. तिला जेवण जाईना. भाद्रपद संपताना, दिवस भरायच्या आधीच, ती बाळंत झाली. मुलगी. एवढीशी, वितीत मावणारी. नवव्या दिवशी गेली. बाराव्याला नाव ठेवायचं असतं, ते राहून गेलं. मी सुईणीला विचारलं, वैद्यबुवांना विचारलं, की उपाशी राहिल्यानेच झालं का हे. सुईण म्हणाली, "पहिलटकरनीचं व्हतंय आसं, मास्तर. कुनाचं काय न्हाय त्यात." वैद्यबुवा म्हणाले, असेलही, नसेलही. जन्मभर मी नेमकं उत्तर मागत आलो, आणि जिथे ते हवं होतं तिथे मला कुणी ते दिलं नाही. पुढे आम्हाला मूल झालं नाही.

तेव्हापासून मी सुताराला टोकत नाही. शिंपी परकरात किती कापड दुमडतो ते बघत नाही. भरतीच्या घटकाभर आधी बंदरावर जातो आणि बसून राहतो. शाळेत मात्र पोरांना नेमकंच गणित शिकवावं लागतं, त्याला इलाज नाही. परीक्षा घेणारे शीग तपासत नाहीत. माझं आता इतकंच म्हणणं आहे की चूक व्हायचीच, आणि तिच्यासाठी कणगीत जागा ठेवली नाही तर ती कुणाच्या तरी ताटात शिरते. बहुतेक वेळा जो मागून जेवतो त्याच्या. हे मी पोरांना कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तरी वहीत कुठे लिहायचं ते त्यांना कळणार नाही.

त्या वर्षापासून घरात एक बदल केला. यमुनेचं ताट माझ्याबरोबर वाढायचं आणि तिने समोर बसून जेवायचं. काकू महिनाभर बोलत नव्हती आमच्याशी. लोक हसले, मग हसायचे थांबले.

काल धाकू आला होता. आता बोर्लीपर्यंत मोटार येते म्हणतात, पण धाकूची गाडी तीच आणि पायलीही तीच. त्याचे हात थरथरतात, त्यामुळे शीग नीट उभी राहत नाही, घसरते. तो पुन्हा ओंजळीने वर चढवतो. "लाभ," म्हणाला आणि भरायला लागला. मी बाजूला उभा होतो. तो रूळ आता शाळेतही नेत नाही मी.

यमुना दारात आली. म्हणाली, "धाकू, यंदा सपाटच माप. मागचेच उरलेत कणगीत. दरवर्षी उरतात, पोरकिडे होतात, मग पाखडत बसावं लागतं मला. आता कोण यायचं राहिलंय इथे?"

धाकूने हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. दरवर्षी मी त्याला तीन माणसांचे तांदूळ सांगतो आणि आम्ही दोघं आहोत, हे त्यालाही माहीत आहे. त्याने कधी विचारलेलं नाही.

"शीग असू दे," मी म्हटलं.

"असू दे तर असू दे," यमुना म्हणाली आणि सूप घेऊन खाली सांडलेले गोळा करायला बसली. मी तिच्या शेजारी बसलो, थोडे मी गोळा केले.

धाकू गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. नवे तांदूळ, कुळथाचं पिठलं. दारातून सुकत घातलेल्या आमसुलांचा वास येत होता. ती सावकाश जेवते. मी खाली मान घालून जेवत होतो, आणि जे सोळा वर्षं करतो तेच करत होतो.

"किती झाले?" ती म्हणाली.

"काय किती?"

"घास माझे. मोजता ना?"

मला वाटत होतं तिला हे माहीत नाही.

"पोट भरलंय माझं," ती म्हणाली. "खरंच भरलंय."

मी मान हलवली. मग तिने भाताचं पातेलं पुढे ओढलं आणि भूक नसताना, मला बरं वाटावं म्हणून, आणखी एक डाव भात आपल्या ताटात वाढून घेतला.